नाताळची चाल आणि कृष्णाकाठच्या तारा

नाताळच्या गीतांवर मराठीत जे काही लिहिले गेले आहे ते जवळजवळ सगळे शब्दांवर आहे. गीत कोणाचे, मूळ इंग्रजी कोणते, भाषांतरात काय निसटले, कोणत्या ओळीत कोणता धर्मविचार आला, इथवर अभ्यासक जातात आणि थांबतात. चालीकडे वळून पाहणारे थोडेच. गाणाऱ्याचा अनुभव मात्र उलटा असतो. पेटीवर चाल सुरू झाली की शब्द आठवायच्या आधीच माणूस गुणगुणू लागतो. म्हणून या विषयात नव्याने येणाऱ्या वाचकाला माझे पहिले सांगणे असे, की नाताळगीताकडे चालीच्या बाजूने या. आणि चाल नीट ऐकायची तर शब्द थोडा वेळ बाजूला ठेवून ती तारांवर ऐका. केल्टिक हार्पच्या वाद्यवृंदासाठी बांधलेली जुनी कॅरल्स त्यासाठी फार सोयीची आहेत.

हार्प आयर्लंड, स्कॉटलंड, वेल्स, ब्रिटनीकडची, आणि ही प्रस्तावना सातारा-सांगलीच्या वाचकासाठी. या दोन टोकांचा मेळ कसा बसतो, असे कोणी विचारले तर ते रास्तच आहे. पण ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची शेवटची वर्षे साताऱ्यात गेली, बावीस श्रुतींचा हिशेब मांडणारे कृष्णाजी बल्लाळ देवल सांगलीचे, आणि सतारी-तंबोऱ्यांचे मिरज सांगलीच्या शेजारी. गीत, स्वर आणि तार या तिन्हींवर मुळापासून विचार झालेला हा प्रदेश आहे. नाताळच्या चालींचा अभ्यास इथून सुरू करायला ओढूनताणून कारण शोधावे लागत नाही.

आधी कॅरलविषयी. आज आपण त्याला चर्चमधले गाणे समजतो. मध्ययुगीन युरोपात मात्र ते फेर धरून नाचायचे गाणे होते. एकाने कडवे म्हणायचे, बाकीच्यांनी धृपद उचलायचे, आपल्या भोंडल्यात व्हावे तसे. त्यामुळे पुष्कळ कॅरलांत चालीचे वय एक आणि शब्दांचे वय दुसरेच असते. ‘गुड किंग वेन्सेसलास’ची चाल १५८२ साली छापलेल्या ‘पिए कान्तिओनेस’ या लॅटिन संग्रहात वसंताचे गाणे म्हणून आहे. तिच्यावर नाताळच्या दिवसांतली कथा जॉन मेसन नील यांनी चढवली ती १८५३ मध्ये. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ हे सोळाव्या शतकातले प्रेमगीत; विल्यम चॅटर्टन डिक्स या विमा कंपनीत नोकरी करणाऱ्या गृहस्थाने १८६५ च्या सुमारास लिहिलेले नाताळगीत त्या चालीवर बसले आणि तिथेच राहिले. ‘डेक द हॉल्स’ ही तर वेल्समधली वर्षाखेरीच्या रात्रीची चाल. ती छापून ठेवली १७९४ मध्ये एडवर्ड जोन्स यांनी, आणि ते स्वतः हार्पवादक होते. इंग्रजी शब्द १८६२ चे, टॉमस ऑलिफंट यांचे.

ही उदाहरणे मुद्दाम दिली. एका चालीवर दुसरे शब्द चढवणे हे कमअस्सल काम आहे, भाषांतरित गीत म्हणजे उसनवारी, असा एक सूर मराठी ख्रिस्ती संगीताच्या चर्चेत अधूनमधून लागतो. तो सूर लावणाऱ्यांनी कॅरलचा इतिहास पाहिलेला नाही, असे माझे मत आहे. तिकडेही चाल फिरतच आलेली आहे.

आता हार्प. ऑर्केस्ट्रात दिसते ती मोठी, सात पेडलांची. केल्टिक हार्प लहान. साधारण बावीसपासून अडतीसपर्यंत तारा, पायाने दाबायचे काही नाही. पियानोत काळ्या पट्ट्या असतात तशी इथे सोय नाही. सात स्वर एका ओळीत, मग पुढचे सप्तक. नजर चुकू नये म्हणून ‘सी’च्या तारा लाल आणि ‘एफ’च्या काळ्या किंवा निळ्या. प्रत्येक तारेच्या वरच्या टोकाशी एक छोटा खटका असतो. तो उचलला की तार अर्ध्या स्वराने चढते. वाजवताना डावा हात क्षणभर तारांवरून काढून खटका उचलायचा आणि परत खाली यायचे, एवढीच काय ती सवलत. म्हणजे गाण्याआधीच वादकाला ठरवावे लागते की या चालीचे सात स्वर कोणते. हे वाचताना मराठी वाचकाला थाट आठवला नाही तरच नवल. सतारीचे पडदे सरकवून थाट लावणारा आणि हार्पचे खटके लावणारा, दोघांची तयारी एकाच जातीची आहे.

या बाजूने कॅरल्स ऐकायला घेतली की ओळखीची दारे उघडतात. ‘सायलेंट नाइट’ सरळ बिलावल थाटात आहे, सगळे स्वर शुद्ध. ‘गॉड रेस्ट यू मेरी जेंटलमेन’ आसावरीच्या स्वरांत फिरते. ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ काफीच्या जवळची, पण पालटे घेताना मधेच शुद्ध निषाद लावून जाते. आणि आयर्लंडचे वेक्सफर्ड कॅरल, जे ग्रॅटन फ्लड यांनी टिपून घेतले आणि १९२८ च्या ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ कॅरल्स’मध्ये सर्वांपर्यंत पोचले, ते खमाजच्या अंगाचे, दोन्ही निषाद अगदी आपल्या खमाजासारखे आत-बाहेर करतात. इथे एक सावधगिरी हवी. थाट जुळला म्हणजे राग जुळला असे होत नाही. वेक्सफर्ड कॅरलला खमाज राग म्हणणे हा भाबडेपणा होईल; चलन वेगळे, न्यासाच्या जागा वेगळ्या. पण कानाला बसायला एक पाट मिळतो, आणि सुरुवातीला तेवढे पुरे.

हार्प आपल्याकडे परकी हे तरी कितपत खरे? प्राचीन भारतात वीणा म्हणत ते वाद्य पुष्कळदा धनुष्यासारख्या वाकलेल्या दांड्याचे, म्हणजे हार्पच्याच कुळातले होते. पुणे जिल्ह्यातल्या भाजे लेण्यांच्या शिल्पपटात ते दिसते, समुद्रगुप्ताच्या सोन्याच्या नाण्यावर राजा स्वतः ते वाजवत बसला आहे. पुढे ते आपल्याकडून गेले. ब्रह्मदेशात ‘सौंग’ या नावाने टिकले. आज आपल्या बैठकीत हार्पची आठवण करून देणारे वाद्य एकच, गायकाच्या मांडीवरचे स्वरमंडल. त्यालाही पडदे नाहीत. रागाचे स्वर आधी लावून घ्यायचे आणि मोकळ्या तारांवरून बोट फिरवायचे.

मराठीतल्या नाताळगीतांचा उगम शोधत गेले तर वाट गोव्याला जाते. फादर टॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये रायतूर इथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, आणि त्यात ख्रिस्तजन्माची कथा आलेली. इंग्लंडात जन्मलेल्या या जेझुइटाने नाताळ मराठीत आणताना चाल इथलीच घेतली. ओवीला वेगळी चाल शिकवावी लागत नाही. ती जात्यावरही चालते आणि देवळातही.

एकोणिसाव्या शतकात प्रोटेस्टंट मिशने आली तेव्हा क्रम फिरला. सातारा भागात अमेरिकन मराठी मिशन, कोल्हापूर-सांगली-मिरजेकडे अमेरिकन प्रेसबिटेरियन. त्यांनी आपल्या चाली बरोबर आणल्या आणि मराठी शब्द त्या मापाने कातून घेतले. काम प्रामाणिक होते, पण अडचण तालातच होती. इंग्रजी स्तोत्राची ओळ बहुधा हलक्या अक्षराने सुरू होते आणि जोर दुसऱ्या अक्षरावर पडतो. मराठी माणूस ओळीचे पहिलेच अक्षर ठासून म्हणतो. त्यामुळे भाषांतरात ‘प्रभू’ किंवा ‘येशू’ ओळीच्या आरंभी आले की नेमके देवाचेच नाव दुबळ्या मात्रेवर पडायचे आणि पुढच्या कुठल्यातरी अव्ययावर घाव बसायचा. शब्द कळायचे, गाणे लागत नसे. खरे तर यावरचा उपाय इथल्याच संगीतात होता. बंदिशीचा मुखडा समेच्या आधी उठतो आणि समेवर येऊन पडतो; त्या हलक्या अक्षराला मुखड्याची उठावणी मानले असते तर पुष्कळ ओळी वाचल्या असत्या.

कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या कीर्तनकारांनी साकी, दिंडी, आर्या ही इथली वृत्ते ख्रिस्ती कथेला जोडली. आणि मग टिळक आले. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीचा ख्रिस्ताकडे येण्याचा रस्ता तुकारामावरून गेला होता, असे ते स्वतःच सांगत. त्यामुळे भजन आणि अभंग त्यांना बाहेरून आणावे लागले नाहीत. ‘उपासना संगीत’ या मराठी चर्चच्या गीतसंग्रहात आजही त्यांचा वाटा सगळ्यांत मोठा आहे. १९१७ मध्ये मिशनच्या चौकटीबाहेर येऊन त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांना एकत्र बसवण्यासाठी. ९ मे १९१९ ला मुंबईत त्यांचे निधन झाले; दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. त्यांच्या काव्यावर पुष्कळ लिहिले गेले, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रां’मुळे घरातले टिळकही आपल्याला माहीत आहेत. पण दरबारातली भजने कोणत्या लयीत, कोणत्या चालीवर म्हटली जात, हा प्रश्न टिळकांच्या अभ्यासकांनी फारसा विचारलेला नाही. मला तो त्यांच्या काव्यगुणांहून कमी महत्त्वाचा वाटत नाही.

मराठी ख्रिस्ती गीतांतही पाळणा हा प्रकार नवीन अभ्यासकाने आधी घ्यावा. रामाचा, कृष्णाचा, शिवबाचा पाळणा म्हणणाऱ्या भाषेत ख्रिस्तजन्माचा पाळणा सहज रुजला. तिकडे वेल्सच्या ‘सुओ गान’पासून स्कॉटलंडच्या गेलिक ‘ताला ख्रीस्ता’पर्यंत अंगाईची मोठी परंपरा आहे, आणि हार्पवर ती सर्वांत खुलते, कारण झोक्याची लय तारांच्या उलगडत्या छेडीतच असते. ‘सायलेंट नाइट’चे उदाहरण जवळून पाहण्यासारखे आहे. १८१८ च्या नाताळच्या आदल्या रात्री, साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडोर्फ गावात ते पहिल्यांदा गायले गेले, तेव्हा साथीला गिटार होती. म्हणजे जगातले सर्वांत गाजलेले नाताळगीत जन्मले ते तारांवरच. सहा मात्रांचा झोका, आपल्या दादऱ्याच्या मापाचा. आरंभ पंचमावर, धैवताला हात लावून पुन्हा पंचम, मग गंधारावर विसावा. आणि हे सगळे पहिल्याच जोरदार मात्रेपासून, हलक्या अक्षराची भानगड न ठेवता. मराठीत हे गीत इतक्या सहज का बसले याचे उत्तर या दोन गोष्टींत आहे.

साथीचा प्रश्न मात्र हार्मोनियमने बिघडवला, असे म्हणणारा एक पक्ष आहे, आणि त्याचे ठाणे सांगलीत होते. मिशनबरोबर आलेली पेटी चर्चमधून नाटकात, भजनात, कीर्तनात सगळीकडे गेली. तिच्यात सप्तकाचे बारा समान भाग केलेले असतात. त्यामुळे शुद्ध गंधार तंबोऱ्यातून आपोआप ऐकू येणाऱ्या गंधारापेक्षा चढा लागतो. सप्तकाचे १२०० सूक्ष्म भाग धरले तर हा फरक सुमारे १४ भागांचा. कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी ताणलेल्या तारेच्या लांब्या मोजून श्रुतींची गणिते मांडली; त्यांचे इंग्रजी पुस्तक १९१० मध्ये आले. अब्दुल करीम खाँसाहेबांचा गळा त्यांच्या प्रयोगांना मदतीला होता. अर्नेस्ट क्लेमंट्स या आय.सी.एस. अधिकाऱ्याने त्यावर विश्वास ठेवून श्रुतींची पेटी बनवून घेतली. १९१६ च्या बडोद्याच्या संगीत परिषदेत ती मांडली गेली, पण जाणकारांनी उचलून धरली नाही. पुढे १९४० ते १९७१ आकाशवाणीने हार्मोनियमलाच दार बंद केले, हा इतिहास वाचकाला माहीत असेल. देवलांचे सगळे निष्कर्ष आज टिकत नाहीत. तरी त्यांनी विचारलेला प्रश्न नाताळच्या चालींना आजही लागू आहे, आणि हार्प त्याला पेटीपेक्षा चांगले उत्तर देते. तारा कानाने लावायच्या असल्यामुळे वादकाने मनात आणले तर गंधार तंबोऱ्याशी मिळवून घेता येतो. पेटीवाल्याच्या हातात ती मुभाच नसते.

मिरजेत हे सगळे बोटांनी कळते. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांच्या घराण्यातल्या फरीदसाहेब आणि मोइनुद्दीन यांनी एकोणिसाव्या शतकात, शस्त्रांची मागणी ओसरली तेव्हा, तंतुवाद्यांकडे हात वळवला. त्या कामाचा वारसा आजही सतारमेकर गल्लीत चालू आहे. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात, लाकूड तुणाचे. मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण पाहण्यासारखे काम आहे ते जवारीचे. कारागीर घोडीचा माथा कानशीने घासतो, तार चढवतो, छेडतो, उतरवतो, पुन्हा घासतो. तार घोडीवरून सुटताना त्या किंचित उतरत्या पृष्ठभागाला ओझरती लागत राहिली पाहिजे. जास्त लागली तर आवाज फाटतो, कमी लागली तर मुका होतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवून नेमकी जागा शोधायची. त्या एका जागेवर तंबोरा बोलू लागतो आणि एका तारेतून पाच-सहा स्वर झरू लागतात.

युरोपीय हार्पचा स्वच्छ, थेंबासारखा आवाज ऐकलेल्याला हा गुंजारव अगदी निराळा वाटतो. मात्र हा स्वच्छपणा अलीकडचा आहे. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून पुढे बराच काळ युरोपात हार्पच्या तारांच्या बुडाशी वाकड्या खुंट्या बसवत. तार त्यांना घासून झणझणत असे. वेल्समध्ये अशा हार्प इतरांपेक्षा जास्त काळ टिकल्या. म्हणजे कॅरल्स जेव्हा फेर धरून गायली जात, तेव्हाच्या हार्पचा आवाज आजच्या ध्वनिमुद्रणांतल्या आवाजापेक्षा मिरजेच्या जवारीला अधिक जवळचा असण्याचा संभव आहे. या क्षेत्रातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. जुने युरोपीय संगीत जुन्या नादात वाजवू पाहणाऱ्यांनी एकदा तरी मिरजेच्या दुकानात बसून जवारी काढताना पाहावे.

वाद्यवृंदाच्या बांधणीविषयी थोडक्यात. तीन-चार हार्प असल्या की सर्वसाधारणपणे खालच्या तारांवर षड्ज-पंचमाचा आधार, मधल्यांवर स्वरांची उलगडती छेड आणि वरच्यांवर चाल, अशी वाटणी होते. हार्पची तार छेडल्यावर बराच वेळ वाजत राहते, म्हणून चांगला बांधणीकार स्वर घालण्याइतकाच ते थांबवण्याचाही विचार करतो. ज्यांना मोठ्या प्रतिभेचे काम ऐकायचे आहे त्यांनी बेंजामिन ब्रिटनचे ‘अ सेरिमनी ऑफ कॅरल्स’ ऐकावे. १९४२ मध्ये अमेरिकेहून इंग्लंडला परतताना बोटीवर लिहिलेले, मुलांचे आवाज आणि एकच हार्प. ती पेडलची हार्प आहे, पण तारांवर नाताळ कसा विचारात घ्यावा याचा तो वस्तुपाठ आहे.

मिरजेचा तंबोरा आणि कॅरल एकत्र आणण्याचे प्रयोग कोणी करणार असेल तर एक इशारा. पाश्चात्त्य बांधणीत आधाराचा स्वर हलतो. तंबोऱ्याचा षड्ज हलत नाही. ‘सायलेंट नाइट’मध्ये चाल वरच्या रिषभावरून निषादावर उतरते तिथे पाश्चात्त्य कानाला खालचा स्वर पंचमावर सरकलेला हवा असतो, आपल्या कानाला तोच निषाद स्थिर षड्जाकडे झुकलेला गोड वाटतो. दोन्हींना एकाच वेळी खूश करू पाहणारी बांधणी फसते. वेक्सफर्ड कॅरलसारख्या चाली, ज्या एका आधारावर निवांत उभ्या राहतात, त्यांनी सुरुवात करावी. पाचगणीच्या निवासी शाळांत कॅरल मुळातून इंग्रजीत गाणारी मुले आहेत, साताऱ्या-सांगलीच्या चर्चमध्ये टिळकांची भजने पाठ असणारी माणसे आहेत, मिरजेत तारा जाणणारे हात आहेत. या तिघांची गाठ पडण्यासाठी अंतर एका दिवसाच्या प्रवासाचेही नाही.

खरी अडचण साधनांची आहे. आपल्या गीतसंग्रहांत शब्द छापतात आणि डोक्यावर चालीचा नुसता निर्देश करतात, अमुक इंग्रजी चाल किंवा अमुक वृत्त. इंग्लंडात व्हॉन विल्यम्स, सेसिल शार्प यांच्यासारखी माणसे खेड्यापाड्यांत गेली, म्हाताऱ्यांसमोर बसली आणि चाली स्वरांत उतरवून घेतल्या. ‘ऑक्सफर्ड बुक ऑफ कॅरल्स’ त्या कष्टांवर उभे आहे. मराठी नाताळगीतांचा स्वरलिपीसकट असा संग्रह व्हायला हवा, आणि जुनी भजने, पाळणे, साक्या मूळ चालीवर म्हणणारी ऐंशीच्या पुढची माणसे आहेत तोवर व्हायला हवा. त्याला विद्यापीठाच्या मंजुरीची वाट पाहायची गरज नाही. साताऱ्यात, वाईत, सांगलीत, मिरजेत ज्यांच्या घरी असे कोणी आजी-आजोबा असतील त्यांनी या डिसेंबरात फोनवर त्यांचे गाणे मुद्रित करून ठेवावे. ताल बदलायला सांगू नये, पेटीच्या सुरात यायला सांगू नये. आणि गाणाऱ्याचे नाव, गाव, आणि ती चाल त्यांनी कोणाकडून घेतली, एवढे सोबत लिहून ठेवावे.